नळी धुवायची की फेकायची? संशोधनाचा ढीग आणि एक साधा प्रश्न

माझ्या मामेभावाचा दोन वर्षांपूर्वी बाईकवर अपघात झाला. मणक्याला मार बसला, मज्जारज्जू दुखावला आणि कमरेखालची संवेदना गेली. आता तो व्हीलचेअरवर असतो, घरून अकाउंटिंगचं काम करतो, आणि दिवसातून पाच वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढतो. नळी म्हणजे कॅथेटर. दिवसाला पाच, महिन्याला दीडशे. प्रत्येक पाकिटावर गोलात २ आकडा आणि त्यावर तिरकी रेघ, म्हणजे 'दुसऱ्यांदा वापरू नका'.

मागच्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. "दादा, तू त्या टेक्नॉलॉजीच्या साइटवर लिहितोस ना, मग एवढं शोधून दे. डॉक्टर म्हणतात शक्यतो दर वेळी नवी नळी वापर. आमच्या ग्रुपमधले सगळे म्हणतात धुऊन वापर, काही होत नाही, आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय. मी दोन लिंक पाठवतोय. एक म्हणतं फरक पडत नाही, दुसरं म्हणतं पडतो. दोन्ही म्हणे जगभरातलं संशोधन तपासून लिहिलेलं. मग खरं काय?"

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत सांगतो. तीन शनिवार-रविवार गेले.

तुम्ही म्हणाल, टेकच्या साइटवर लघवीच्या नळीचं काय काम? पण मला या शोधात जे सापडलं ते सगळं आपल्या ओळखीचंच होतं. चुकीचा डेटा भरला गेला की काय होतं, जुनं व्हर्जन बाजारात फिरत राहिलं की काय होतं, आणि चॅटबॉट ते आत्मविश्वासाने कसं सांगतो. फरक एवढाच, की इथे अ‍ॅप क्रॅश होत नाही, माणसाला ताप येतो.

आधी विषय थोडक्यात. मेंदू, मज्जारज्जू किंवा नसांच्या आजारामुळे मूत्राशयाचं काम बिघडतं, त्याचा अभ्यास म्हणजे न्यूरो-युरॉलॉजी. मणक्याची इजा, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन्स, पक्षाघात, आणि स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतःच मणका नीट न मिटलेली मुलं. यात लघवी गळणं हा दिसणारा त्रास. न दिसणारा त्रास जास्त वाईट: मूत्राशयात दाब वाढत राहतो, लघवी वरच्या दिशेला ढकलली जाते आणि किडन्या हळूहळू खराब होतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात मणक्याला गोळी लागलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. लघवीचा जंतुसंसर्ग आणि बेडसोर ही त्याची मोठी कारणं होती.

चित्र बदललं ते १९४४ मध्ये. जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात मणक्याच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. ठरावीक वेळाने नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी काढून घ्यायची, ही त्यांची पद्धत. (हेच गुटमन पॅरालिम्पिकचे जनक. सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला सुवर्णपदक मिळवलं, त्या स्पर्धांचं मूळ १९४८ साली याच हॉस्पिटलच्या आवारात आहे.) गुटमन निर्जंतुक पद्धतीबद्दल फार काटेकोर होते. मग १९७२ मध्येच अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडस म्हणाले, निर्जंतुक नसली तरी चालेल, नुसती स्वच्छ पुरे. मूत्राशय वेळच्या वेळी रिकामं होणं जास्त महत्त्वाचं. त्यांचा तर्क असा, की मूत्राशय ताणलं गेलं की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंना वाट मिळते. या एका पेपरमुळे रुग्ण हॉस्पिटलातून घरी गेले, शाळा-कॉलेजात गेले, नोकरीला लागले.

म्हणजे धुऊन वापरण्याचा वाद आजचा नाही, तो किमान पन्नास वर्षं जुना आहे. एवढ्या काळात उत्तर मिळायला हवं होतं ना?

ढीग वाढतोय, पाया तेवढाच

वैद्यकात एकेका अभ्यासावर विसंबत नाहीत. एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास शोधायचे, ठरलेल्या नियमांनी गाळायचे, त्यांची गुणवत्ता तपासायची, जमलं तर आकडे एकत्र करायचे. याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात, आणि आकडे एकत्र करण्याला मेटा-अ‍ॅनालिसिस. डॉक्टर, विमा कंपन्या, सरकारं, सगळे निर्णयासाठी यांच्याकडे बघतात. साहजिकच रिव्ह्यूला मान आला. मान आला म्हणून संख्या वाढली. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस यांनी २०१६ मध्ये हिशेब मांडला: १९९१ ते २०१४ या काळात दर वर्षी निघणारे सिस्टिमॅटिक रिव्ह्यू २७२८ टक्क्यांनी वाढले. त्याच काळात वैद्यकीय पेपरांची एकूण संख्या १५३ टक्क्यांनी वाढली. त्यांच्या अंदाजाने मेटा-अ‍ॅनालिसिसपैकी नीट केलेले आणि रुग्णाच्या उपयोगाचे जेमतेम तीन टक्के.

कारण उघड आहे. ट्रायल करायची म्हणजे रुग्ण हवेत, परवानग्या हव्यात, पैसा हवा, चार-पाच वर्षं हवीत. रिव्ह्यूला लॅपटॉप आणि दोन पीजीचे विद्यार्थी पुरतात. न्यूरो-युरॉलॉजीत तर हे जास्तच जाणवतं, कारण मुळात रुग्ण कमी, आणि प्रत्येकाची इजा वेगळी. त्यामुळे त्याच पंधरा-वीस अभ्यासांवर नवा रिव्ह्यू, मग रिव्ह्यूंचा रिव्ह्यू.

त्यात आता नकाशांची फॅशन आली आहे. व्हॉसव्ह्यूअर किंवा साइटस्पेस नावाची फुकट सॉफ्टवेअरं आहेत. डेटाबेसमधून हजारभर पेपरांची माहिती काढून त्यांत घातली की रंगीत फुगे येतात: कोणता शब्द किती वेळा आला, कोणता देश कोणाबरोबर लिहितो, कोणता विषय 'हॉट' आहे. दिसायला फार छान. मीही आधी भुललो. पण लक्षात ठेवा, फुगा मोठा म्हणजे त्या विषयावर बोललं खूप जातंय एवढंच. बोललेलं खरं आहे की नाही, हे फुगा सांगत नाही. गावात कोणाच्या लग्नाची चर्चा जास्त, यावरून संसार कसा चाललाय ते कळत नाही, तसंच.

कोक्रेनची गोष्ट

मग भरवसा कोणावर? या क्षेत्रात सोन्याचा शिक्का मानला जातो तो कोक्रेनचा. १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली ही संस्था. नियम कडक, पद्धत उघड.

भावाने पाठवलेली पहिली लिंक कोक्रेनचीच होती. नळ्यांवरच्या त्यांच्या रिव्ह्यूचा क्रमांक सीडी००६००८. हा क्रमांक कायम राहतो आणि अ‍ॅपसारखी आतली व्हर्जन बदलत जातात. २०१४ च्या व्हर्जनमध्ये ३१ ट्रायल्स होत्या आणि निष्कर्ष असा: निर्जंतुक की नुसती स्वच्छ, जेलचा थर असलेली की साधी, एकदा वापरायची की धुऊन पुन्हा, यांपैकी कोणत्याही एका पद्धतीने जंतुसंसर्ग कमी होतो असा ठोस पुरावा नाही.

आता 'फरक आहे असा पुरावा नाही' आणि 'फरक नाही असा पुरावा आहे' ही दोन वेगळी वाक्यं. पण ज्याला खर्च कमी करायचाय तो पहिलं वाक्य दुसऱ्यासारखंच वाचणार. अमेरिकेत २००८ पासून मेडिकेअर महिन्याला २०० नळ्यांपर्यंत खर्च देतं. त्याआधी महिन्याला चार मिळायच्या. चार आणि दोनशे! हा फरक एखाद्या वाक्याच्या अर्थावर हलू शकतो.

कॅनडातल्या व्हँकुव्हरचे आंद्रेई क्रासिऊकॉव्ह आणि त्यांच्या बरोबरचे संशोधक यांना २०१४ चा निष्कर्ष पटला नाही. त्यांनी काय केलं, तर रिव्ह्यूतला प्रत्येक आकडा उचलला आणि मूळ पेपर उघडून ताडून पाहिला. आकडे जुळेनात. मूळ पेपरमधून रिव्ह्यूच्या तक्त्यात माहिती उतरवतानाच चुका झाल्या होत्या, आणि त्या किरकोळ नव्हत्या. आकडे दुरुस्त करून पुन्हा गणित केलं, तर कल थर असलेल्या आणि एकदाच वापरायच्या नळ्यांकडे झुकला. ऑगस्ट २०१७ मध्ये कोक्रेनने तो रिव्ह्यू मागे घेतला. क्रासिऊकॉव्हच्या गटाचा पेपर २०१८ मध्ये आला. भावाची दुसरी लिंक ती.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोक्रेनने त्याच क्रमांकाखाली नवा रिव्ह्यू काढला. या वेळी २३ ट्रायल्स, १३३९ रुग्ण. निष्कर्ष: पुराव्याची खात्री कमी किंवा अगदीच कमी, त्यामुळे अजूनही अनिश्चित.

मला हे वाचून पहिल्यांदा चीड आली. एवढं करून पुन्हा तिथेच? पण दुसऱ्यांदा वाचल्यावर २०१४ आणि २०२१ मधला फरक कळला. नव्या रिव्ह्यूत प्रत्येक प्रश्नापुढे लिहिलंय, की पुरावा का कच्चा आहे: ट्रायल छोटी, मुदत कमी, रुग्ण मधेच सोडून गेले, माहिती अर्धवट. हा पगाराच्या स्लिपसारखा प्रकार आहे. हातात पडलेली रक्कम कमी असली, तरी कुठे काय कापलं ते दिसतं.

आणि ही तर बऱ्यापैकी बरी स्थिती. कोक्रेनचाच आणखी एक रिव्ह्यू आहे, नसांच्या आजाराने मूत्राशय बिघडलेल्या रुग्णांसाठी कायमची नळी बरी, पोटातून घातलेली बरी की दर वेळी घालून काढायची बरी, यावर. सुमारे ४०० अभ्यास चाळले. निकषात बसलेल्या ट्रायल्स किती? शून्य. ज्या पद्धतीवर जगभरचे लाखो लोक रोज जगतात, तिची दुसऱ्या पद्धतींशी नीट चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना त्यांना एकही सापडली नाही. तरी माझ्या मते तो या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक कागद आहे.

'इन्फेक्शन' म्हणजे नेमकं काय?

ट्रायल इतक्या अवघड का, याचं एक कारण मला फार उशिरा समजलं आणि ते समजल्यावर बाकीचं सगळं उलगडलं.

जो रोज नळी घालतो, त्याच्या लघवीत जंतू जवळजवळ कायमच सापडतात. तपासणीला दिली की कल्चर पॉझिटिव्ह. पण त्याला ताप नाही, त्रास नाही, तर ते इन्फेक्शन म्हणायचं का? एक अभ्यास म्हणतो हो, दुसरा म्हणतो ताप हवा, तिसरा म्हणतो डॉक्टरने अँटिबायोटिक लिहून दिलं म्हणजे इन्फेक्शन. आता या तिघांचे आकडे एका तक्त्यात घालून सरासरी काढली, तर येणारी संख्या कशाची? एकाने किलोमीटर मोजले, दुसऱ्याने मैल आणि तिसऱ्याने 'लांब वाटलं' असं लिहिलं, तर अंतराची सरासरी निघते का?

दुसरी अडचण आंधळेपणाची. औषधाच्या ट्रायलमध्ये खरी गोळी कोणाची आणि साखरेची कोणाची हे लपवता येतं. नळी लपवता येत नाही. घालणाऱ्याला ती नवी आहे की धुतलेली हे दिसतंच. त्यात थर असलेल्या नळ्यांवरचे काही मोठे अभ्यास नळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर झालेत. त्यामुळे ते खोटे ठरत नाहीत. पण कोणता प्रश्न विचारला गेला आणि कोणता नाही, हे पैसा ठरवतो. धुऊन वापरलेली साधी नळी किती सुरक्षित, यावर खर्च करण्यात कोणत्या कंपनीला रस असेल?

बंद मशीनचे ४२ टक्के

पुरावा चांगला झाला की काय होतं, याचं मला सापडलेलं सर्वांत बोलकं उदाहरण नळ्यांचं नाही, सेक्रल न्यूरोमॉड्युलेशनचं आहे. माकडहाडाच्या वरच्या भागातून निघणाऱ्या नसांजवळ एक बारीक तार ठेवतात, पेसमेकरसारखं यंत्र तिला हलके विजेचे ठोके देतं आणि मूत्राशयाचा ताबा सुधारतो, अशी कल्पना. आधी काही दिवस तात्पुरतं लावून बघतात, जमलं तर कायमचं बसवतात.

२०१० मध्ये थॉमस केसलर आणि सहकाऱ्यांनी नसांच्या आजारातल्या वापराचा रिव्ह्यू केला. २६ अभ्यास, ३५७ रुग्ण. तात्पुरत्या चाचणीत ६८ टक्के यश, कायमचं बसवल्यावर ९२ टक्के. वाचून कोणालाही वाटेल, लगेच बसवा. पण त्याच रिव्ह्यूत स्पष्ट लिहिलं होतं की या २६ पैकी एकही चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल नाही. सगळे 'आम्ही बसवलं आणि बरं वाटलं' प्रकारचे अहवाल.

केसलर पुढे झ्युरिकला गेले आणि तीच ट्रायल करायला घेतली. निकाल २०२२ मध्ये आला. १२४ रुग्णांवर तात्पुरती चाचणी झाली. ६५ जणांना, म्हणजे ५२ टक्क्यांना फायदा झाला. ६८ चे ५२ झाले. त्यांतल्या ६० जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या: निम्म्यांचं यंत्र चालू, निम्म्यांचं बंद, आणि कोणाचं काय हे रुग्णालाही माहीत नाही, तपासणाऱ्यालाही नाही. दोन महिन्यांनी चालू गटात यश ७६ टक्के. बंद गटात ४२ टक्के.

हा ४२ चा आकडा पुन्हा वाचा. यंत्र बंद आहे, तरी शंभरातले बेचाळीस यशस्वी. काहींना आधीच्या चाचणीचा परिणाम टिकला असेल, काहींचा आजारच वर-खाली होत असेल, काहींकडे या निमित्ताने नीट लक्ष दिलं गेलं असेल. कारण काहीही असो, तुलनेला दुसरा गट नसता तर हे सगळं यश यंत्राच्या खात्यात गेलं असतं. उपचार खरा आहे, ७६ आणि ४२ मधलं अंतर मोठं आहे. पण ९२ टक्के ऐकून ऑपरेशनला गेलेला आणि हे आकडे ऐकून गेलेला माणूस वेगळ्या अपेक्षेने टेबलावर झोपतो.

शाओ पद्धत

हे वेळेवर केलं नाही तर काय होतं, तेही घडून गेलंय. चीनमधले वुहानचे डॉ. शाओ च्वानग्वो यांनी एक धाडसी ऑपरेशन काढलं. कमरेतली एक नस कापून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसेला जोडायची. काही महिन्यांनी मांडीची त्वचा खाजवली की लघवी होईल. प्राण्यांवर चाललं. २००५ मध्ये त्यांनी स्पायना बिफिडाच्या २० मुलांचा अहवाल दिला: १७ मुलांना समाधानकारक ताबा मिळाला, म्हणजे ८५ टक्के. आई-बापांच्या दृष्टीने चमत्कारच. अमेरिकेत मिशिगनमध्येही ९ मुलांवर प्रयोग झाला आणि वर्षभराने आशादायक अहवाल आला.

चिनी पत्रकार फांग शिमिन यांनी या यशावर जाहीर प्रश्न विचारले. ऑगस्ट २०१० मध्ये बीजिंगला त्यांच्यावर हातोडीने हल्ला झाला. तो घडवून आणल्याबद्दल शाओ यांना साडेपाच महिन्यांची कोठडी झाली. फांग यांना २०१२ मध्ये जॉन मॅडॉक्स पुरस्कार मिळाला, त्या पुरस्काराचं ते पहिलंच वर्ष. गोष्ट सिनेमासारखी आहे, म्हणून लोकांना तेवढीच आठवते.

पण माझ्या मते या प्रकरणाचा खरा नायक फ्लोरिडातली एक छोटी ट्रायल आहे. अशा मुलांचा मज्जारज्जू खाली चिकटलेला असतो, तो सोडवायची शस्त्रक्रिया त्यांना तशीही लागतच होती. डॉ. जेराल्ड ट्युइट यांच्या गटाने अशी २० मुलं घेतली. सगळ्यांची ती शस्त्रक्रिया केली, आणि चिठ्ठी काढून निम्म्यांत शाओंची नसजोडणीही केली. जखम सारखीच, त्यामुळे घरच्यांनाही कळलं नाही कोणाचं काय झालं. तीन वर्षं पाठपुरावा केला. २०१६ मध्ये निकाल छापला: नसजोडणीने ताब्यात किंवा लघवी करण्यात कसलीच भर पडली नाही.

वीसच मुलं, पण ८५ टक्क्यांचा फुगा फोडायला तेवढी पुरली. रुग्ण कमी आहेत म्हणून चांगली ट्रायल करताच येत नाही, हे मी वर म्हटलं त्यालाही हे उत्तर आहे.

चॅटबॉटला विचारलं

अर्थात मीही आळशी आहे. पहिल्या शनिवारी मी सरळ एका चॅटबॉटला विचारलं. उत्तर सुंदर मराठीत, मुद्द्यांसकट: 'कोक्रेनच्या ३१ ट्रायल्सच्या रिव्ह्यूनुसार एकदा वापरलेल्या व पुन्हा वापरलेल्या नळ्यांत फरक आढळलेला नाही.' रिव्ह्यू मागे घेतल्याचा उल्लेख नाही. मी विचारलं, हा मागे घेतलाय ना? तर लगेच माफी, आणि मग 'आधुनिक संशोधनानुसार एकदाच वापरणं श्रेयस्कर' असं उलटं टोक. २०२१ चं 'अजून अनिश्चित' हे खरं उत्तर दोन्ही वेळा गायब.

यात नवल नाही. २०१४ चा निष्कर्ष शेकडो पेपरांत, माहितीपत्रकांत, ब्लॉगवर उतरवला गेलाय. मागे घेतल्याची सूचना मात्र एका पानावर आहे. भाषेचं मॉडेल जे जास्त वेळा वाचलं तेच बोलतं. जुनी एपीके फाइल दहा साइटवर पडून असावी आणि अपडेट फक्त अधिकृत स्टोअरवर, असा प्रकार. आता तर पेपर चाळायला आणि तक्ते भरायलाही एआय वापरायला सुरुवात झाली आहे. वेग वाढेल यात शंका नाही. पण २०१४ चा रिव्ह्यू वेगामुळे पडला नव्हता. मूळ पेपर उघडून आकडा ताडून न पाहिल्यामुळे पडला होता. ते काम क्रासिऊकॉव्हच्या गटाने हाताने केलं.

तुमच्या हातात असा एखादा रिव्ह्यू आला तर मी काय बघतो ते सांगतो. आधी व्हर्जन आणि साल; मागे घेतलाय का, नवा आलाय का. मग आत किती ट्रायल्स चिठ्ठ्या टाकून केलेल्या, आणि एकूण रुग्ण किती. 'खात्री' या शब्दापुढे काय लिहिलंय: जास्त, मध्यम, कमी की अगदी कमी. आणि तपासलेले रुग्ण माझ्यासारखे आहेत का. हे शेवटचं फार चुकतं. क्रॅनबेरीचंच घ्या. २०२३ चा कोक्रेन रिव्ह्यू म्हणतो वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बायकांना तिचा उपयोग होतो. बातमी तेवढीच छापली गेली. त्याच रिव्ह्यूत लिहिलंय की नसांच्या आजाराने मूत्राशय रिकामं न होणाऱ्यांना उपयोग दिसला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मणक्याच्या ३०५ रुग्णांवरच्या ट्रायलने हे २००७ मध्येच सांगितलं होतं. भावाच्या टेबलावर क्रॅनबेरीच्या गोळ्यांची महागडी बाटली होतीच, कोणीतरी पुण्याहून आणून दिलेली.

चांगली ट्रायल झाली तरी उत्तर गोड मिळेलच असं नाही, हेही मी त्याला सांगितलं. ब्रिटनमध्ये नळी वापरणाऱ्या ४०४ जणांवर रोज कमी डोसचं अँटिबायोटिक देऊन पाहिलं. २०१८ चा निकाल: संसर्ग ४८ टक्क्यांनी कमी, वर्षाला सरासरी २.६ वरून १.३. आणि त्याच वेळी औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. आकडा खणखणीत, तरी घ्यायचं की नाही हा प्रश्न उरतोच.

तिसऱ्या रविवारी मी त्याला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे २०२१ पर्यंत जगाला माहीत नाही. आणि मला उद्या सकाळी सहाला उठून नळी घालायचीच आहे."

"हो," मी म्हटलं.

"मग डॉक्टरांना नक्की काय विचारू?"

आम्ही बसून तीन प्रश्न लिहिले. माझ्या बाबतीत इन्फेक्शन कशाला म्हणायचं, नुसत्या कल्चरला की तापाला? माझ्या मूत्राशयाचा दाब शेवटचा कधी मोजला आणि तो किती होता? दीडशे नव्या नळ्या परवडत नसतील तर कुठे काटकसर केली तर चालेल आणि कुठे अजिबात नाही? डॉक्टरांनी म्हणे कागद वाचून खुर्ची पुढे ओढली आणि अर्धा तास बोलले. दाबाची तपासणी राहून गेली होती, ती पुढच्या महिन्यात आहे. तोवर त्याने एका एक्सेल शीटमध्ये रोजची नोंद सुरू केली आहे: किती वेळा, किती मिलीलीटर, नळी नवी की धुतलेली, ताप आला का. अकाउंटंट माणूस, रकाने एकदम नीट आहेत.